सोमवारी गाळ का बसत नाही

काका, मला प्रवेश मिळाला.

मेल मंगळवारी दुपारी आली. मी कंपनीत होते. एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि तुम्हाला लावायला फोन काढला. मग वाटलं, फोनवर कशाला? शनिवारी क्लासला भेटणारच आहोत. समोर बसून सांगू, तुमचा चेहरा बघू. मोबाइल परत खिशात टाकला. गुरुवारी सकाळी तुम्ही दूध आणायला खाली उतरलात, येताना जिन्यात टेकलात आणि उठलाच नाहीत.

मंगळवार दुपार ते गुरुवार सकाळ. एवढा वेळ माझ्या हातात होता आणि मी तो तुमचा चेहरा बघण्यासाठी राखून ठेवला. आता तुमचा तेरावा होऊनही चार दिवस झालेत. सांगायचं ते लिहून तरी टाकावं म्हणून बसले आहे. कुठून सुरू करू ते कळत नाही. तुम्ही म्हणाला असतात, "पैल्यापास्नं सांग."

तर पहिल्यापासून. चिंचवडला स्टेशनरीच्या दुकानावरची ती खोली, जर्मनच्या पहिल्या बॅचचा पहिला दिवस. आम्ही सोळा जण, सगळे विशीतले. कोणाला मास्टर्स करायचं, कोणाला नर्सिंगला जायचं, दोघांना तिकडे काम करता करता शिकायचं होतं. आणि दुसऱ्या बाकावर तुम्ही. पांढरी अर्धी बाही, खिशाला दोन पेनं, पायाशी जेवणाच्या डब्याची पिशवी. मॅडम आत आल्या, तुमच्याकडे बघून नम्रपणे म्हणाल्या, "काका, पालकांनी बाहेर बसायचंय."

"म्या पालक न्हाई मॅडम. म्या विद्यार्थी हाय. पावती दाखवू का?"

मागून कोणीतरी हसलं. मीही हसले होते, कबूल करते. मग ओळखीचा कार्यक्रम झाला. जर्मन कशाला शिकायचंय ते प्रत्येकाने सांगायचं. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही उभे राहिलात, शाळेत राहतात तसे. म्हणालात, "सोनटक्के. गाव परभणीकडं. सध्या भोसरी. चाकणच्या कंपनीत ग्राइंडिंगच्या मशीनवर होतो, औंदा रिटायर झालो. मशीन जर्मनीची होती. तिच्यावर पाट्या होत्या. इतकी वर्षं रोज बघितल्या, एक वाचता आली न्हाई. म्हणून आलो."

मॅडमनी विचारलं, "मग जायचं कुठे आहे?"

"कुटंच न्हाई. वाचायचंय."

शेवटच्या दिवशी, निरोपाचा नारळ आणि शाल काखेत धरून, तुम्ही मशीनच्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढले होते, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. सुपरवायझर म्हणाला, सोनटक्के, मशीनसोबत सेल्फी घ्यायचा तर घ्या, पाट्या कसल्या काढताय. पण तुम्ही पाट्याच काढल्या. आणि दर तासाच्या शेवटी मोबाइल घेऊन मॅडमपुढे उभे राहायचात, दर वेळी एक पाटी. सुरुवातीला मॅडम वैतागायच्या. अभ्यासक्रमात "मी सफरचंद खातो" चाललेलं आणि तुम्ही विचारायचात, वंगण कधी बदलायचं असं लिहिलंय का हे? महिन्याभरात असं झालं की तास संपला तरी कोणी उठायचं नाही. आज काकांची पाटी कोणती, हे बघायला सगळे थांबायचे.

एका पाटीवर होतं, "फक्त शिकवलेल्या माणसांसाठी." मॅडमनी अर्थ सांगितला तसे तुम्ही फोटोकडे बघत राहिलात. "मला तर कुणी शिकवलंच न्हवतं," म्हणालात. "बघून बघून शिकलो." तक्रार म्हणून नव्हे. एखादी चूक राहून गेली असावी, तसं.

"वारुम" म्हणजे "का", हे ज्या दिवशी शिकलो त्या दिवशी तुम्ही बाकावर हात आपटलात. "आरं, हे तर आमचं कामून!" आम्ही पिंपरी-चिंचवडची पोरं. 'कामून' हा शब्द आमच्यातल्या निम्म्यांनी पहिल्यांदा ऐकला. तुम्ही समजावलंत, परभणीकडे 'का' म्हणत नाहीत, 'कामून' म्हणतात. वारुम, कामून. दोन्ही शब्द तुम्ही आलटून पालटून तोंडात घोळवून बघितलेत. त्यानंतर क्लासमध्ये 'का' हा शब्द संपलाच. उशीर कामून झाला, पंखा कामून बंद आहे, मॅडम आज रागात कामून आहेत.

आणि ते तीन लिंगांचं रडगाणं. देअर, डी, दास. आम्ही सगळे इंग्रजी शाळांतले. ओंकार म्हणाला, टेबल पुल्लिंगी कसं असेल, काही लॉजिकच नाही. तुम्ही शांतपणे मागे वळलात. "तो दगड, ती वीट, ते घर. तुला कुणी लॉजिक सांगितलं होतं का? आईनं म्हणलं, तू म्हणलास." मग तुम्ही वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केलीत, आपलं आणि त्यांचं लिंग कुठे जुळतं याची. घर जुळलं. पाणी जुळलं. पुस्तक, मूल, दगड, चंद्र जुळले. सूर्य जुळला नाही, त्यांच्यात तो बाई आहे, यावर तुम्ही दोन शनिवार हसत होतात. मुलगी त्यांच्यात नपुंसकलिंगी, ते मुलगी. पोरी चिडल्या. मी सांगितलं, आमच्या मोशी गावच्या घरात अजूनही माझ्याबद्दल बोलताना "आमचं पोरगं कंपनीतनं आलं न्हाई अजून" असंच म्हणतात. तुम्ही ताबडतोब लिहून घेतलंत. "पोरगं. जुळलं." तेव्हापासून मी तुमच्या शेजारी बसायला लागले.

पण मला सांगायचंय ते 'नोट'चं.

त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला. स्पेलिंग एन ओ टी, उच्चार नोट. अर्थ: अडचण, संकट, तातडीची गरज. तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. मग मोबाइल काढून एक फोटो शोधलात आणि मॅडमना दाखवलात. मशीनवरचं लाल बटण, त्याखाली ती तीन अक्षरं आणि पुढे अजून एक शब्द. मॅडम म्हणाल्या, "हो, तेच. संकटात बंद करायचं बटण."

तुम्ही हसायला लागलात. इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग डावा हात वर करून आम्हाला सगळ्यांना दाखवलात. मधल्या बोटाचं शेवटचं पेर नव्हतं. मी दोन महिने शेजारी बसत होते आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"इंग्रजी तेवढीच येत होती," तुम्ही म्हणालात. "डू नॉट टच, तसलं. बटनावर नॉट लिहिलेलं. म्हणलं, ह्याला हात लावायचा न्हाई. पुसायची कापूस-चिंधी मशीनमधी गुतली, हात वडला जाया लागला, बटन हितं नाकापुढं. आन् म्या भितीवरच्या मेन स्विचकडं दुसरा हात लांबवायलो." मग मॅडमकडे वळून, "लई उशिरा कळालं बगा, मॅडम."

तुम्हीच वही उघडलीत आणि विचारलंत, "नोट बाई का बुवा?"

"बाई," मॅडम म्हणाल्या. तुम्ही लिहिलंत. अडचण. बाई. जुळलं.

काका, इतकं सगळं माहीत असूनही मी तुम्हाला ते बोलले. त्याबद्दल लिहायचं टाळत होते, पण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

तोंडी परीक्षेची तयारी चालू होती. जोड्या लावलेल्या, तुम्ही प्रश्न वाचायचा, मी उत्तर द्यायचं. प्रश्न: तुम्हाला जर्मनीत का शिकायचं आहे? माझं उत्तर पाठ होतं. वाकडच्या परदेशी शिक्षणाच्या सल्ला केंद्रातून घेतलं होतं. जर्मनी हा इंजिनियरांचा देश आहे, तिथलं शिक्षण जागतिक दर्जाचं आहे, लहानपणापासून माझं स्वप्न आहे वगैरे. विद्यापीठांना पाठवायचं पत्रही तिथूनच करून घेतलं होतं. मी एका दमात म्हणून टाकलं.

तुम्ही म्हणालात, "माय, हे परवा त्या ओंकारनं सांगितलं की. शब्दाला शब्द."

सगळे हसले. मी म्हणाले, "काका, परीक्षेत असंच सांगतात."

"परीक्षेचं ऱ्हाऊ दे. मला सांग. कामून जायलीस?"

तुमच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि घरी रोज तोच प्रश्न होता. वडील, आमचे अण्णा, जेवताना म्हणायचे, "आगं, समदं जर्मनी चाकणला आलंय, आन् तू कुठं निघालीस?" त्यांना द्यायलाही माझ्याकडे पाठ केलेलंच उत्तर होतं. त्या सगळ्याचा राग तुमच्यावर निघाला. "तुम्हाला काय काका? तुम्हाला कुठे जायचंय? तुमची नुसती गंमत चाललीय. माझं आयुष्य आहे हे."

तुम्ही चष्मा काढलात, शर्टाला पुसलात, परत घातलात. "व्हय माय," म्हणालात. "माझी गंमतच हाय." आणि पुढचा प्रश्न वाचलात. सुट्टीत तुम्ही कुठे जाता?

मी पुढच्या आठवड्यापासून रविवार सकाळची बॅच घेतली. मॅडमना सांगितलं, कंपनीची शिफ्ट बदलली. शिफ्ट बदलली नव्हती. मी तुमच्या शेजारी बसू शकत नव्हते.

त्यानंतरच्या महिन्यात दोन विद्यापीठांनी नाही म्हटलं. मी वाकडला जाऊन विचारलं, काय चुकलं? काचेच्या केबिनमधला मुलगा माझं पत्र वर-खाली करून म्हणाला, "मॅडम, लेटर तर एकदम स्टँडर्ड आहे." त्याच्या दृष्टीने ती हमी होती. मी बाहेर येऊन गाडीवर बसले आणि गाडी चालूच करवेना. कितीतरी जण हेच स्टँडर्ड पत्र पाठवत असतील, तिकडे कोणीतरी वाचत असेल आणि तुमच्यासारखंच म्हणत असेल, अरे, हे परवा आलं होतं की.

त्या रविवारी मी क्लासला न जाता भोसरीला आले. पत्ता मॅडमकडून घेतला होता. काकूंनी दार उघडलं, मागून तुम्ही आलात. मी माफीचं वाक्य घोकत आले होते. तुम्ही ते बोलूच दिलं नाहीत. "ये माय. वांगं खातीस का?"

जेवण झाल्यावर सतरंजीवर बसून तुम्ही म्हणालात, "आता सांग. कंपनीत काय करतीस? पैल्यापास्नं."

तोवर मला हे कोणी विचारलं नव्हतं, काका. घरी माहीत होतं की पोरगं कंपनीत जातं. क्लासमध्ये माहीत होतं की इंजिनियर आहे. मी तुम्हाला सांगितलं की मी सांडपाण्याच्या प्लांटवर आहे. कंपनीत भागांवर मुलामा देतात, त्याचं पाणी आणि कँटीनचं, संडासाचं पाणी, सगळं शेवटी आमच्याकडे येतं. मोठ्या टाकीत जिवाणू असतात, ते घाण खातात, त्यांचे गोळे होतात, गोळ्यांचा गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ पाणी पुढे जातं. रोज सकाळी मी त्यातलं लिटरभर पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात भरते आणि अर्धा तास बघते, गाळ किती बसतो ते. नीट बसला तर दिवस चांगला.

"रोज बसतो?"

"रोज. सोमवार सोडून."

हे मी सहज बोलून गेले. तुम्ही मांडी बदललीत. "सोमवारी कामून बसत न्हाई?"

"माहीत नाही. तसंच होतं. सर म्हणतात, सोडून दे, मंगळवारी बसतो."

"सरला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग तुला झोप कशी लागती?"

तुम्ही अगदी मनापासून विचारलंत, एखाद्याला पोटात दुखतंय का विचारावं तसं. आणि मी मोबाइल काढला. दीड वर्षाच्या प्रत्येक सोमवारचा त्या नळकांड्याचा फोटो माझ्याकडे होता. कोणालाही दाखवलेला नव्हता. कोणाला दाखवणार? गढूळ पाण्याचे फोटो. तुम्ही एकेक करून सगळे बघितलेत, बोटांनी मोठे करून, मागे जाऊन, पुढे येऊन. काकूंनी दोनदा चहा केला. शेवटच्या फोटोनंतर तुम्ही मोबाइल माझ्या हातात दिलात. मला का जायचं होतं ते सतरंजीवर समोर पडलेलं होतं.

मग आपला वाद झाला. खरा, मजेचा. मी म्हटलं, रविवारी कंपनी बंद, जिवाणूंना खायला काही नसतं, उपाशी राहून त्यांचे गोळे फुटत असणार. सर शनिवारी निघताना टाकीत गूळ टाकायला सांगतात, पण तेवढ्याने भागत नसेल. तुम्ही मान हलवलीत. "आमच्या कंपनीत शनिवारी शेवटच्या शिफ्टला फरशी, टाक्या, समदं साबणानं धुऊन काढायचे. तुमच्यात न्हाई धूत?"

"धुतात. पण ते पाणी वेगळ्या टाकीत जातं."

"कोण म्हणलं?"

"ड्रॉइंगवर आहे तसं."

"ड्रॉइंगवर!" तुम्ही किती वेळ हसलात. "म्या सांगतो, तुझे किडे उपाशी न्हाईत. त्यांच्या डोळ्यात साबण गेलाय. शनिवारी सांच्याला थांबून बघितलंस का कवा?"

नव्हतं बघितलं. शनिवारी मी दोन वाजताच निघायचे, संध्याकाळच्या जर्मनच्या क्लाससाठी.

पत्र मी नव्याने लिहिलं. सुरुवात अशी की मी चाकणला काम करते आणि माझ्या प्लांटमध्ये सोमवारी गाळ बसत नाही. मला वाटतं की जिवाणू उपाशी राहतात, पण मला खात्री नाही, आणि खात्री कशी करायची हे मला शिकायचं आहे. मॅडमनी व्याकरण तपासलं. तुम्ही 'मला वाटतं' या शब्दांवर बोट ठेवून म्हणालात, "हे चांगलं केलंस. उद्या म्या बरोबर निघालो तर?" ते पत्र मी एकाच ठिकाणी पाठवलं, जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका छोट्या गावातल्या विद्यापीठाला. तिथे सांडपाण्याचाच अभ्यासक्रम आहे. आणि शनिवारच्या बॅचला, तुमच्या शेजारी परत आले. तुमची माफी मागायची मात्र राहिली. तुम्ही एकदा मागू दिली नाहीत आणि मग मला वाटलं, झालं, मिटलं. मिटलं होतंच. तरी मागायला हवी होती.

त्या गुरुवारी मॅडमचा निरोप क्लासच्या ग्रुपवर आला तेव्हा मी नळकांड्यासमोर उभी होते. एकेकाचे मेसेज यायला लागले. ओंकारने जर्मनमध्ये लिहिलं, बायलाइड, म्हणजे सांत्वन. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? तो, ती का ते? शोधलं. ते सांत्वन. जुळलं. मग थांबवेनाच. त्यांच्यात आयुष्य 'ते', आपल्यातही ते. मृत्यू त्यांच्यात 'तो', आपल्यातही तो. पण आपल्यात मरण 'ते' आहे. मृत्यू जुळतो आणि मरण जुळत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही यावर अर्धा तास घालवला असतात. मी नळकांडं तसंच ठेवून हात धुवायला गेले आणि तिथे नळ सोडून रडले.

शनिवारी माझ्याने क्लासला जाववलं नाही. घरीही जाववेना. मी कंपनीतच थांबले. चारच्या सुमाराला मुलाम्याच्या विभागातले दोघे लांब पाइप घेऊन आले आणि टाक्या, फरशी, सगळं साबणाने धुवायला लागले. पांढरा फेस गटारात उतरला. मी गटाराच्या बाजूने त्याच्यासोबत चालत निघाले. ड्रॉइंगप्रमाणे तो डावीकडे वळायला हवा होता. वळला नाही. सरळ आमच्या टाकीत आला.

तुम्ही बरोबर होतात, काका. माझे जिवाणू उपाशी नव्हते. चुकीचं उत्तर लिहून मला प्रवेश मिळाला.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "असं कसं? ड्रॉइंगवर तर..." आणि मी त्यांच्या तोंडावर मोठ्याने हसले. ते बघतच राहिले. पण माणूस चांगला आहे, स्वतः येऊन बघितलं आणि पुढच्या शनिवारच्या आत ते पाणी दुसरीकडे वळवून घेतलं. या सोमवारी मी नळकांडं भरलं आणि अर्धा तास हललेच नाही. बसला, काका. आजवरच्या कुठल्याही सोमवारपेक्षा जास्त बसला. पण मंगळवारइतका नाही. वर थोडं गढूळ राहिलंच. म्हणजे उपासाचंही काहीतरी आहे. थोडं. तुम्ही लगेच मान्य करू नका, मी अजून बघतेय.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच प्लांट, गाळ, फेस, सगळं. ते शेतातल्या पाटाचं पाणी बघितलेले गृहस्थ, पाणी कुठे वळतं ते त्यांना लगेच कळलं. शेवटी म्हणाले, "आन् ह्येच शिकायला जायचंय व्हय? मग आधी सांगायचं न्हाई का." आधी मलाच माहीत नव्हतं. चाकणला जर्मनी आलंय हे त्यांचं खरंच आहे, आणि ते अजूनही तसं म्हणतात. पण व्हिसाच्या कागदांवर सही करायला परवा स्वतःच पेन मागितलं.

काल काकूंना भेटायला गेले होते. प्रवेशाचं पत्र छापून नेलं होतं, तुमच्या फोटोपुढे ठेवावं म्हणून. मग ते करायला लाज वाटली आणि मी ते काकूंनाच वाचून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "तिथं क्लासात हे काय करायचे गं? मला कवा नीट सांगितलं न्हाई. नुसतं हसत घरी यायचे." मी सांगायला बसले. पहिल्या दिवशीचं पालकाचं, सूर्य बाई असल्याचं, कामूनचं. काकू कधी हसल्या, कधी पदर डोळ्याला लावला. बोटाची गोष्ट त्यांना माहीत होती, बटणावरच्या अक्षरांची नव्हती. ती त्यांनी मला दोनदा सांगायला लावली.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. मी चप्पल घालत होते. त्या एकदम म्हणाल्या, "वान कोम्स्ट दू?"

मी वर बघितलं. तू कधी येणार? उच्चार थेट तुमचा होता. काकू लाजल्या. "ह्यायनी शिकवलं होतं. क्लासला निघाले की म्या विचारायचे, कवा येताल? तर म्हणायचे, असं न्हाई, जर्मनीत इचार."

"आणि ते काय सांगायचे?"

"हाल्प नॉइन. दर खेपेला तेच. आन् नॉइन म्हंजे नऊ, हे त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून म्या नवाला ताट घ्यायचे. हे मात्र साडेआठलाच दारात हजर. म्हणायचे, बघ, तुझ्यासाठी लवकर आलो."

काका, 'हाल्प नॉइन' म्हणजे साडेआठच. जर्मन लोक साडेआठला 'अर्धे नऊ' म्हणतात. तुम्हाला ते पक्कं माहीत होतं, त्या धड्यात तुम्हाला पैकीच्या पैकी होते. आणि तुम्ही काकूंना ते सांगितलं नव्हतंत.

मीही नाही सांगितलं.

त्या माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मी म्हणाले, "इन त्स्वाय यारन."

"म्हंजे?"

"दोन वर्षांनी, काकू."

त्यांनी मान डोलावली, दाराची कडी हातात धरून थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ये मग. म्या हाय."